पूरियात पंचम

पूरियात पंचम वर्ज्य. म्हणून तानपुऱ्याची पहिली तार पंचमाऐवजी निषादात लावतात. माझ्या गाण्याच्या वर्गात हे काम टॅबवरचं तानपुऱ्याचं ॲप करतं. घरात मिरजेची जोडी आहे. पण काळी चारच्या मुली उठल्या की काळी एकचे मुलगे येऊन बसतात, आणि प्रत्येक तुकडीला तारा चढवत-उतरवत बसलं तर शिकवायचं कधी? ॲपमध्ये प्रत्येकाचा सूर नावानिशी जतन करून ठेवला होता.

एका संध्याकाळी पूरियासाठी टॅब उघडला, तर सगळा पडदाच निराळा. जतन केलेले सूर गायब. निषादाच्या बटणावर कुलूप, आणि त्याला हात लावला की वार्षिक वर्गणीची मागणी. फुकटात मिळत होता तो नेमका पंचम! त्या दिवशी मिरजेचा तानपुरा खाली उतरवला आणि वर्ग पार पडला. पण शिष्यवर्गाचा कार्यक्रम जवळ आला होता, तेव्हा या प्रकाराच्या मुळाशी जाणं भाग होतं.

मूळ साधं निघालं. रात्री टॅब चार्जिंगला लावलेला, घरचं वाय-फाय चालू, कुणी वापरत नाही, अशी वेळ साधून प्ले स्टोअर ॲप अपडेट करतं. ही सोय सहसा पहिल्यापासून चालूच असते, म्हणून ते आपल्याला वेगळं विचारत नाही.

वर्गातला एक मुलगा म्हणाला, “ताई, ॲप काढून टाका आणि परत घ्या, जुनं येईल.” हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि तो घातक आहे. स्टोअरमधून पुन्हा घेतलं की नवीनच आवृत्ती येते. शिवाय ॲप काढताना त्याच्या पोटात साठवलेलं सगळं पुसलं जातं. माझ्या मुलींच्या रियाजाची रेकॉर्डिंग त्यातच होती. इंटरनेटवर कुठून तरी जुनी फाइल उतरवून घेण्याचा मार्गही तसाच. नव्या आवृत्तीवर जुनी बसवायला अँड्रॉइड सहसा नकार देतं, आणि त्या फाइलीत कुणी काय मिसळून ठेवलं आहे, याचा भरवसा नसतो.

मग अपडेट कायमचं बंदच करून टाकावं का? एवढ्या टोकाला जाऊ नका. मे 2019 मध्ये व्हॉट्सॲपच्या कॉलिंगमध्ये एक भोक सापडलं. कॉल उचलला नाही तरी त्यातून हेरगिरीचं सॉफ्टवेअर फोनमध्ये शिरू शकत होतं. त्यावर इलाज होता लगेच अपडेट करण्याचा. याच्या उलटही घडतं. आयरेकॉर्डर नावाचं पडदा रेकॉर्ड करणारं ॲप सप्टेंबर 2021 मध्ये प्ले स्टोअरवर आलं तेव्हा निर्धोक होतं; ऑगस्ट 2022 च्या आवृत्तीत मात्र त्यात माइकवरचं बोलणं चोरून बाहेर पाठवणारा भाग घुसवलेला आढळला.

यातून मी टॅबवरच्या ॲपचे दोन गट केले. बँक, ब्राउझर, व्हॉट्सॲप, ईमेल ही बाहेरच्या जगाशी बोलणारी ॲप आपोआप अपडेट होऊ द्यायची. तानपुरा, तबला, स्वरलेखन, चित्रकला ही ज्यांच्यावर आपलं काम चालतं अशी ॲप आपण सांगू तेव्हाच बदलतील.

अँड्रॉइडवर हे सहज जमतं. प्ले स्टोअरमध्ये त्या ॲपचं पान उघडा, वर उजवीकडच्या तीन ठिपक्यांवर बोट ठेवा आणि ‘इनेबल ऑटो अपडेट’समोरची खूण काढा. बाकीची ॲप पूर्ववत अपडेट होत राहतात. सगळ्यांचंच थांबवायचं असेल, तर आपल्या फोटोच्या वर्तुळातून सेटिंग्ज, मग नेटवर्क प्रेफरन्सेस, मग ऑटो-अपडेट ॲप्स असं जा. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर टॅब चालवणाऱ्यांनी तिथे निदान ‘वाय-फाय ओन्ली’ निवडलेलं आहे ना, ते पाहावं. टॅबला हॉटस्पॉटही वाय-फायच वाटतं, म्हणून वाय-फायच्या सेटिंगमध्ये त्या जोडणीला ‘मीटर्ड’ अशी खूणही करून ठेवावी.

आयपॅडवर एकेका ॲपपुरती अशी सोय नाही. सेटिंग्जमध्ये ॲप स्टोअरच्या खाली ‘ॲप अपडेट्स’चा खटका असतो, तो बंद केला की सगळ्यांचंच थांबतं. मग आठवड्यातून एकदा ॲप स्टोअर उघडून, ‘अपडेट ऑल’ न दाबता, हवं त्याच्यापुढचंच बटण दाबायचं.

टॅबसोबतच आलेल्या ॲपचं अपडेट बिघडलं, तर मात्र मागे फिरता येतं. मार्च 2021 मध्ये अँड्रॉइडच्या वेबव्ह्यू या घटकाच्या सदोष अपडेटमुळे जीमेलसह कितीतरी ॲप उघडताच बंद पडू लागली होती. तेव्हा सेटिंग्जमधून वेबव्ह्यूचं ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’ केलं की काम चालत होतं. दुरुस्त आवृत्ती आल्यावर ती घ्यायचीच, हे वेगळं सांगायला नको. आपण स्वतः घेतलेल्या ॲपना ही सवलत मिळत नाही, म्हणून त्यांच्या बाबतीत आधीच काळजी घ्यावी लागते.

ती काळजी अशी. महत्त्वाची रेकॉर्डिंग ॲपमधून बाहेर काढून ड्राइव्हवर किंवा संगणकावर ठेवा. सेटिंगचे स्क्रीनशॉट काढा. माझ्याकडे आता एक वही आहे. कुणाची पट्टी कोणती, पहिली तार कुठल्या सुरात, बारीक फरक किती, सगळं त्यात लिहिलेलं असतं. अपडेट करण्याआधी ‘व्हॉट्स न्यू’ वाचा आणि ताज्या तारखेचे अभिप्राय पाहा. लोकांची ओरड तिथे लगेच दिसते. कार्यक्रम, परीक्षा, प्रवास तोंडावर असताना अपडेटला हात लावू नका. मंचावर तर टॅब विमान मोडवरच असावा. मध्येच काही बदलत नाही आणि आलापात कुणाचा ‘गुड मॉर्निंग’ही वाजत नाही. फक्त आपलं ॲप इंटरनेटशिवाय चालतं का, हे आदल्या दिवशी तपासा.

एवढं करूनही सगळं आपल्या हातात राहत नाही. काही ॲपमधल्या सोयी कंपनी तिच्या सर्व्हरवरून बदलते, तिथे अपडेट रोखून उपयोग नसतो. काही जुन्या आवृत्त्या एक दिवस ‘अपडेट केल्याशिवाय पुढे जाता येणार नाही’ म्हणून अडून बसतात. टॅबच जुना असेल, तर नवी आवृत्ती त्यावर चढतच नाही.

माझ्यापुरतं म्हणाल, तर ॲपच्या पानावर दिलेल्या पत्त्यावर मी निर्मात्यांना लिहिलं: निषाद आणि मध्यम या तारा चैनीच्या नाहीत, पूरिया आणि मालकंस त्यांच्याशिवाय गाताच येत नाहीत. उत्तर सभ्य आलं, कुलूप राहिलं. हिशेब करून वर्षाची वर्गणी भरली, कारण रोज लागणाऱ्या वस्तूचं मोल द्यायला हरकत नव्हती. ते मागण्याआधी मुलांचे जपून ठेवलेले सूर पुसायला नको होते. आता त्या ॲपसमोरची खूण काढलेली आहे, आणि पुढची आवृत्ती कार्यक्रम झाल्यावर, वही जवळ घेऊन, मी स्वतः उतरवेन.