न दिसणारा आस

सायकल पाहिली नाही असा मुलगा किंवा मुलगी विरळाच. चाके, हँडल, घंटी, साखळी, बैठक हे तिचे भाग आपल्या रोजच्या पाहण्यातले आहेत. परंतु ज्यावर आपल्या पायांचा सारा जोर पडतो, तो भाग सहसा कोणाच्या दृष्टीस पडत नाही. दोन्ही पायडलांचे दांडे जेथे सांगाड्याला भेटतात, तेथे एक आडवी नळी असते. त्या नळीच्या आत पोलादाचा एक आस फिरत असतो.

फार जुन्या सायकलींना असा आस नव्हता. त्यांची पायडले थेट पुढच्या मोठ्या चाकाला जोडलेली असत. 1885 साली इंग्लंडातील कॉव्हेंट्री येथे जॉन केम्प स्टार्ली यांनी ‘रोव्हर’ नावाची सायकल तयार केली. तिची पायडले मधोमध होती व साखळीने मागचे चाक फिरे. ही रचना लोकांना मानवली आणि हा मधला आस सायकलीत कायमचा येऊन बसला.

हा आस सहज फिरावा म्हणून त्याच्या दोन्ही टोकांशी पोलादाच्या वाट्यांमध्ये गोल छर्रे बसवलेले असतात. एक जड पुस्तक टेबलावर ठेवून ढकला. ते अडखळत सरकेल. आता त्याखाली चारपाच गोट्या ठेवून पाहा. बोट लावताच पुस्तक पुढे जाईल. घासत जाण्यापेक्षा गडगडत जाणे सोपे असते. छर्रे हेच काम करतात. पॅरिसचे कारागीर ज्यूल स्युरिरे यांनी सायकलीच्या अशा छर्ऱ्यांचे पेटंट 1869 सालीच घेतले होते.

हे सारे मला लहानपणी ठाऊक नव्हते. ते कसे कळले, त्याची हकीकत सांगतो.

1986 च्या पावसाळ्यातील गोष्ट. मी सातवीत होतो. आमचे गाव मिरजेपासून सात किलोमीटरांवर. घरात एकच जुनी सायकल होती. वाटेवरच्या ओढ्याच्या पाण्यातून ती रोज जाई. काही दिवसांनी पायडल मारताना ‘कट्, कट्’ असा आवाज येऊ लागला. बाबांनी पैसे दिले आणि सायकल दुरुस्त करून आणण्यास सांगितले.

मिरजेच्या बाजारात एका लिंबाखाली एक वृद्ध मिस्त्री बसत. सर्वजण त्यांना चाचा म्हणत. त्यांनी आस बाहेर काढून माझ्या हाती दिला.

“नख फिरवून बघ,” ते म्हणाले.

ज्या पट्टीवर छर्रे फिरत, तेथे माझे नख अडकले. पोलादाला बारीक खड्डे पडले होते. पाणी आत शिरून ग्रीस वाहून गेले होते व गंज चढला होता. वाट्यांचीही तीच दशा झाली होती.

“आस, वाट्या, छर्रे, सगळेच बदलावे लागेल,” चाचा म्हणाले.

माझ्या मनात कित्येक दिवस एक कातडी चेंडू घोळत होता. मी म्हणालो, “चाचा, नुसते छर्रे बदलले तर नाही का चालणार?”

“चालेल थोडे दिवस. पण नवे छर्रे जुन्या खड्ड्यांत पडले, की तेही जुनेच होतात, बेटा. सायकल तुमची, सांगशील तसे करतो. घरी मात्र सांग हो.”

मी घरी सांगितले नाही. आवाज थांबला आणि उरलेल्या पैशांचा चेंडू आला.

पंधरा दिवस गेले. आजीला दम्याचा विकार होता. एके दिवशी तिचे औषध संपले, म्हणून माझी धाकटी बहीण सायकल घेऊन मिरजेला गेली. मी मैदानावर खेळत होतो. दिवस मावळला, पाऊस सुरू झाला, तरी धाकटीचा पत्ता नव्हता. आजी भिंतीला टेकून बसली होती. तिचा एकेक श्वास साऱ्या घराला ऐकू येत होता.

दिवेलागणीनंतर बऱ्याच वेळाने धाकटी चिंब भिजून, सायकल ढकलत दारात आली. औषधाची पुडी तिने परकराच्या ओच्यात जपून आणली होती. छर्रा फुटून आत अडकला होता. पायडल जागचे हलत नव्हते. औषध पोटात गेल्यावर पुष्कळ वेळाने आजीचा श्वास संथ झाला.

धाकटी रडवेल्या स्वरात म्हणाली, “दादा, मी नीटच चालवत होते रे. कशी मोडली, मला कळलंच नाही.”

तो दोष ती स्वतःकडे घेत होती. मला राहवेना. त्याच रात्री मी बाबांना सारे सांगितले. ते रागावले नाहीत. बराच वेळ गप्प राहून म्हणाले, “चेंडू विकून टाक. उरलेले पैसे मी देतो. पण उद्या नुसता बघत बसू नकोस. काम स्वतःच्या हाताने कर.”

दुसऱ्या दिवशी चाचांनी मला शेजारी बसवले. दांडे आसाला कॉटरपिनेने पक्के केलेले असतात. पिनेचे नट थोडे सैल करून, दांड्याखाली लोखंडी ठोकळ्याचा आधार देऊन मी हातोडीचा घाव घातला. आधार नसता, तर त्या घावाचा धक्का थेट वाट्यांना बसला असता.

डाव्या बाजूचे कडे व वाटी नेहमीप्रमाणे डावीकडे फिरवून सुटली. उजवी वाटी मात्र काही केल्या हलेना. चाचा हसले. “उलटी फिरव. तिचे आटे उलटे असतात. तसे नसते, तर पायडल मारता मारता ती ढिली झाली असती.” मी पाना उजवीकडे फिरवला आणि वाटी सुटली.

मग नळी रॉकेलने धुऊन फडक्याने कोरडी केली. उजवी वाटी घट्ट बसवली. प्रत्येक वाटीत ग्रीस भरून त्यात पाव इंच व्यासाचे 11 छर्रे चिकटवले. थोडी जागा उरली, म्हणून मी बारावा उचलला. तोच चाचांनी हात धरला. “फिरायला जागा नको का?”

आसाची लांब बाजू साखळीकडे ठेवून तो आत घातला. खरी कसोटी पुढेच होती. डावी वाटी जास्त आवळली, तर आस जड फिरे. सैल सोडली, तर डगमगे. चार वेळा चुकलो, पाचव्यांदा जमले. वाटी जागच्या जागी धरून कडे आवळले. शेवटी कॉटरपिना एकमेकींच्या उलट दिशांनी ठोकल्या. त्याशिवाय दोन्ही दांडे एका रेषेत येत नाहीत.

ती सायकल धाकटीने पुढे दहावीपर्यंत वापरली. आज अनेक सायकलींत आस आणि छर्रे एकाच बंद डबीत येतात. झिजली, की पूर्ण डबी बदलावी लागते. तरीही पावसाळा संपला, की मी दांडा हाती धरून आडवा हलवून पाहतो. जराशी डगमग जाणवली, तर सायकल त्याच दिवशी उघडतो. न दिसणाऱ्या त्या आसावर कोणाचे तरी घरी पोहोचणे अवलंबून असते.

शब्दार्थ

आस – ज्याभोवती किंवा ज्यासह चाक फिरते तो दांडा. आटे – खिळ्यावर किंवा नळीत कोरलेले फिरकीचे वळे. दशा – अवस्था. ओचा – वस्त्राचा पुढे खोचलेला, झोळीसारखा भाग. दिवेलागण – संध्याकाळी दिवे लावण्याची वेळ.

स्वाध्याय

1. छर्ऱ्यांमुळे आस सहज का फिरतो, ते पुस्तकाच्या प्रयोगावरून सांगा.
2. “नवे छर्रे जुन्या खड्ड्यांत पडले, की तेही जुनेच होतात,” असे चाचा का म्हणाले?
3. धाकटीच्या कोणत्या बोलण्याने लेखकाला राहवेना? का?
4. वाटी फार आवळली किंवा फार सैल ठेवली, तर काय होते?
5. आपल्या घरातील न दिसणारा पण महत्त्वाचा असा एखादा भाग शोधा व त्याची निगा कशी राखतात, ते दहा ओळींत लिहा.