रुळांचे छोटे जग : पहिल्या रेल्वे-प्रतिकृतीची आखणी व बांधणी

तृतीय वर्ष कला (इतिहास)

आगगाडीचे वेड नाही असे मूल विरळाच. पण मिसरूड फुटल्यावरही ते टिकले तर घरचे लोक काळजीत पडतात. ‘छोट्या गाड्या कसल्या जमवतोस, अभ्यास कर,’ हे वाक्य प्रस्तुत लेखकाने पुष्कळदा ऐकले आहे. तरीही या छंदात गणित, विद्युत, सुतारकाम आणि इतिहास या चारही विषयांची शिकवणी फुकट मिळते, असे अनुभवान्ती वाटू लागले आहे. तो अनुभव विद्यार्थी मित्रांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू.

या छंदाची परंपरा जुनी आहे. जर्मनीतील मेर्कलिन या खेळणी करणाऱ्या कंपनीने १८९१ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत ठराविक मापाच्या रुळांची पद्धत मांडली. एकाच मापाचे रूळ मिळू लागल्याने संच हळूहळू वाढवता येऊ लागला. लंडनमध्ये १९१० मध्ये या छंदाचे मंडळही निघाले. आपल्याकडे पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वेचे संग्रहालय १९९८ मध्ये सुरू झाले. आम्हाला प्रथम नाद लागला तो तेथेच.

पहिला प्रयत्न आणि एक प्रश्न

आम्ही दोघा मित्रांनी पहिल्या खेपेला जे केले ते कोणी करू नये, म्हणून आधी सांगतो. सहा फूट बाय चार फुटांची प्लायवूडची फळी आणली. तिच्यावर दोन वाटोळे मार्ग, एक पूल, एक बोगदा आणि डोंगर, एवढे सारे एका सुट्टीत उभे करायचे ठरवले. पूल गाठायला रूळ सात सेंटिमीटर चढवायचे होते आणि त्यासाठी जागा उरली होती जेमतेम एक मीटर. हिशेब साधा आहे : तो चढ झाला चौदाला एक. खऱ्या बोरघाटातही सर्वांत अवघड चढ सुमारे सदतीसाला एक एवढाच आहे. आमचे इंजिन चाके गरगर फिरवत जागीच थांबे. प्रतिकृतीत चाळीसाला एक हा चढही पुष्कळ झाला, आणि त्या मानाने सात सेंटिमीटर उंची गाठायला २.८ मीटर लांबी हवी. हे आम्ही कागदावर आधी मांडले असते तर चार महिने वाचले असते.

याहून मोठी चूक आजोबांनी दाखवली. आजोबा बार्शी लाइनवर सांधेवाले होते. खुर्चीत बसून त्यांनी खालच्या रुळावरची गाडी पाच-सहा फेऱ्या घालताना पाहिली आणि विचारले, “गाडी जाती कुठं पण?”

आमच्याकडे उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवशी आम्ही रूळ उचकटले.

आधी काम, मग रूळ

रेल्वे ही कशाची तरी ने-आण करण्यासाठी असते. तेव्हा पहिला प्रश्न ‘किती रूळ बसतील’ हा नसून ‘ही रेल्वे काय काम करते’ हा आहे. आम्ही दुसऱ्या खेपेस आजोबांचीच लाइन निवडली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने आखलेली ही छोटी रेल्वे १८९७ मध्ये बार्शीला पोचली. पुढे ती पंढरपूर, लातूर आणि १९२७ मध्ये मिरजेपर्यंत वाढून सुमारे ३२५ किलोमीटरची झाली. १९५४ मध्ये ती सरकारने घेतली आणि २००० नंतर टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेज झाली. आजोबांनी ज्या यार्डात उन्हापावसात सांधे बदलले ते आता तसे उरलेले नाही. कुर्डुवाडीला ब्रॉडगेजच्या वाघिणींतला माल उतरवून छोट्या वाघिणींत भरावा लागे. कुठली वाघीण आधी, कुठली नंतर, हे लावणे हेच शंटिंगचे काम. आमच्या प्रतिकृतीला हे काम मिळाले.

माप आणि गेज

या दोन शब्दांची नवशिक्यांकडून नेहमी गफलत होते. माप म्हणजे खऱ्या वस्तूशी प्रमाण. गेज म्हणजे दोन रुळांमधले अंतर. जगात सर्वाधिक चालणारे माप ‘एचओ’, म्हणजे सत्याऐंशीला एक. त्याच्या रुळांचे अंतर १६.५ मिलिमीटर असते. त्याला ८७ ने गुणल्यास १४३५ येतात. हे झाले युरोप-अमेरिकेतले गेज. आपले ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचे. म्हणजे आपली गाडी या मापात करून त्या रुळांवर ठेवली तर प्रत्यक्षात जवळपास अर्धा हात अरुंद रुळांवर ती उभी आहे असे होते. डोळ्याला ते खटकते.

बार्शी लाइनचे गेज मात्र ७६२ मिलिमीटर. त्याला ८७ ने भागा : ८.७६. आणि ‘एन’ नावाच्या छोट्या मापाचे रूळ बाजारात मिळतात ते बरोबर ९ मिलिमीटरचे! पाव मिलिमीटरचा फरक कोणाच्याही ध्यानात येत नाही. त्या मापाच्या जुन्या इंजिनाचा सांगाडा आणि चाके घ्यायची आणि वर पुठ्ठ्याचे वा प्लॅस्टिक पत्र्याचे अंग आपण चढवायचे, ही परदेशातील छोट्या रेल्वेच्या छांदिष्टांची जुनी युक्ती येथे कामी येते. ‘एन’च्या रुळांचे स्लीपर मात्र फार जवळजवळ दिसतात, ते माती-खडीत बरेचसे बुजवावे लागतात.

आखणी

इंग्लंडमधील ॲलन राइट यांची ‘इंगलनूक’ नावाची आखणी नवशिक्यांसाठी फार सोयीची आहे. दोन सांधे, तीन सायडिंगा आणि इंजिनाला मागेपुढे होण्यासाठी एक तुकडा, एवढाच तिचा पसारा. लांब सायडिंगमध्ये पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोहोंत तीन-तीन. इंजिनाच्या तुकड्यात इंजिन आणि तीन वाघिणी. यार्डात एकूण आठ वाघिणी ठेवायच्या. आठ चिठ्ठ्यांतून पाच उचलायच्या आणि त्याच क्रमाने गाडी लावायची. असे क्रम किती होतात? आठ गुणिले सात गुणिले सहा गुणिले पाच गुणिले चार, म्हणजे ६७२०. रोज एक गाडी लावली तरी अठरा वर्षे पुरतील!

लांबीचा हिशेब असा. कॅलथ्रॉपच्या वाघिणी २५ फूट लांब. एचओमध्ये फुटाला साडेतीन मिलिमीटर, म्हणजे ८७.५. जोडणीसह ९५ धरा. पाच वाघिणींना साडेसत्तेचाळीस सेंटिमीटर. इंजिनाला १२ आणि तीन वाघिणींना साडेअठ्ठावीस, मिळून सुमारे ४१. दोन सांध्यांना २४. बेरीज झाली साधारण ११२. आम्ही खुशीत १२० सेंटिमीटरची फळी कापायला निघालो होतो.

छापील आकाराचे कागदी रूळ जमिनीवर पसरले होते, त्याकडे आजोबांनी बोट दाखवले. “ही वाघीण सांध्याला खेटून उभी केलीस, तर शेजारनं दुसरी जाईल का?” खऱ्या यार्डात दोन रूळ पुरेसे दूर झाले की तेथे खूण असते, तिच्या आत वाघीण उभी करायची नाही. ती जागा आम्ही धरलीच नव्हती. फळी १५० सेंटिमीटरची केली. रुंदी ३० पुरली.

बांधणी

क्रम सोडू नये : चौकट, फळी, रंग, रूळ, वीज, चाचणी आणि सर्वांत शेवटी देखावा.

चौकटीला दोन इंच बाय एक इंचाच्या पट्ट्या आणि दर ३० सेंटिमीटरला आडवी पट्टी. वर नऊ मिलिमीटरचे प्लायवूड. आपल्या हवेत लाकडाचा खरा शत्रू पावसाळा. एकाच बाजूस रंग दिला तर दुसरी बाजू ओल पिऊन फुगते आणि फळी वाकते. म्हणून खालून-वरून, कडांनासुद्धा रंग द्यावा. रुळांच्या जोडांत व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीएवढी फट ठेवावी. रुळांखाली कॉर्कची पातळ पट्टी घातल्यास आवाज कमी होतो.

वीज बारा व्होल्टची, एकदिश. दोन रूळ हेच दोन तारांचे काम करतात. टोके उलटी केली की गाडी उलटी चालते. त्यामुळेच रूळ वळवून पुन्हा स्वतःला जोडला तर शॉर्टसर्किट होते. आपल्या यार्डात ती भानगड नाही. वीज इंजिनाच्या तुकड्याकडून, सांध्यांच्या टोकाच्या बाजूने द्यावी.

आता संयमाची परीक्षा. नुसत्या रुळांवर निदान पंधरा दिवस गाडी चालवावी. जेथे वाघीण उतरते तेथे खूण करावी आणि बोटाने जोड चाचपावा. दोष बहुधा तेथेच सापडतो. खडी चिकटवल्यानंतर तो काढणे महाकर्मकठीण. खडीसाठी डिंक पाण्यात निम्मेनिम्म पातळ करून त्यात साबणाचा एक थेंब टाकतात, म्हणजे तो नीट मुरतो. सांध्याच्या हलत्या भागाजवळ मात्र थेंबही जाऊ देऊ नये. आमचा एक सांधा असाच कायमचा जखडला आणि नवा घ्यावा लागला.

देखाव्यात परदेशी चित्रांतली हिरवळ आणू नये. सोलापुराकडची काळी माती वाळवून, वस्त्रगाळ करून आम्ही वापरली. तिच्यातून लोहचुंबक फिरवणे अगत्याचे, नाहीतर लोहकण इंजिनाच्या मोटारीत शिरतात. दोन बाभळी, पत्र्याची एक वखार आणि पोती. एवढे पुरले.

समारोप

हे कुर्डुवाडीचे यार्ड नव्हे. तेथल्या कामाचा एक तुकडा आहे, एवढेच. पण आखणीच्या निमित्ताने आजोबा चार महिने बोलत राहिले. फरशीवर खडूने रूळ काढून कोणती सायडिंग कोठे होती ते सांगत राहिले. ते सारे आता आमच्या वहीत आहे. हे काम काढले नसते तर विचारायचे सुचलेच नसते.

दिवाळीत पहिली गाडी लावली. चिठ्ठ्या आजोबांनीच उचलल्या. मला एकतीस हालचाली लागल्या, त्यांनी तीच गाडी सतरांत लावली आणि चष्मा पुसत म्हणाले, “आता ठीक. आता गाडीला काम आहे.”

ज्यांना हा छंद करावासा वाटेल त्यांनी एका फळीने सुरुवात करावी, आणि आपल्या गावच्या स्टेशनावर जाऊन एक तास नुसते पाहत बसावे.