पाय कुणाचे?

सातारा

चि. ऋतुजास,


काल वहिनीचा फोन आला. तुझे ड्रायव्हिंगचे सर म्हणालेत, ‘टेस्टचं टेन्शन घेऊ नका, आपण बघून घेतो.’ ती कौतुकानं सांगत होती, मला मात्र झोप लागली नाही. नवले पुलाच्या उतारावर मागून न्यूट्रलमध्ये सोडलेला ट्रक येईल, तेव्हा कोण बघून घेणार गं?

एक खरं सांग. क्लच-ब्रेकवर पाय तुझे असतात की सरांचे? शिकवण्याच्या गाडीत त्यांच्या बाजूलाही क्लच-ब्रेक असतात, पण अडचणीपुरते. काही जण पाय काढतच नाहीत. आपण नुसतं स्टिअरिंग धरतो आणि वाटतं, जमलं! नियमानं चारचाकीचं शिक्षण किमान 21 दिवसांचं, त्यात प्रत्यक्ष चालवणं किमान 10 तास. तुझे किती झाले? मागे बसून दुसरीचं बघितलेलं त्यात धरू नकोस.

टेस्टला 8 काढता येईल, रिव्हर्सही जमेल. पण चढावर थांबलेली गाडी मागे न सरकता उचलणं पायांनाच कळावं लागतं. इकडे येताना खंबाटकी घाटात गाड्या तुंबल्या की तेच लागतं. तिथे पाय कुणाचे असतील?

तुझ्या वयात मलाही शिकायचं होतं. आजोबांची पद्मिनी गाडी दारात असायची. दादा शिकला, मला कुणी विचारलं नाही आणि मीही बोलले नाही. आज्जीला रात्री दवाखान्यात न्यायचं होतं तेव्हा दादा पुण्यात, गाडी दारात आणि मी चौकात रिक्षा शोधत होते. पुढे चाळिशी उलटल्यावर शिकले, पण ती रात्र काही मनातून जात नाही. म्हणून तर तुझं लर्निंग आलं तेव्हा मी गल्लीभर पेढे वाटले.

उद्या सरांना स्पष्ट सांग, ‘पाय बाजूला घ्या, गाडी बंद पडली तर पडू द्या.’ नाही ऐकलं तर दुसरीकडे शीक. लर्निंग सहा महिने चालतं, घाई कसली? नापास झालीस तरी सात दिवसांनी पुन्हा टेस्ट देता येते. नापास झाल्याचं घरात कुणी काही बोललं तर त्यांना माझ्याकडे पाठव.

फार बोलले का? वहिनीचं ऐकून जीव घाबरला, तो तुझ्यावर निघाला. भरलेली फी बुडेल म्हणून अडून राहू नकोस, दुसरीकडची मी भरते. दादाला सांगायची गरज नाही. जेवत जा वेळेवर, आणि भीती वाटली तर कितीही वाजता फोन कर.

तुझी,
आत्या