बर्फात जाताना जोडवी काढा

हिंगोलीत गमबूट म्हणजे पावसाळ्यात हळदीच्या वावरात उतरायचं पादत्राण. पाय चिखलात भरला नाही, विंचूकाट्याची धास्ती गेली, की झाला तो चांगला बूट. थंडीसाठी बूट निवडायची वेळच आपल्यावर येत नाही. त्यामुळे काश्मीरला निघालेलं इकडचं कुटुंब कोट, कानटोप्या, हातमोजे सगळं जमवतं आणि पायांचं म्हणाल तर, “मिळतात की तिथे भाड्यानं!”

मिळतात, हे खरं. गुलमर्गला चढण्याआधी टंगमर्गला गाडी थांबते आणि तिथल्या दुकानांत गमबुटांच्या रांगाच लागलेल्या असतात. आम्हीही सगळ्यांनी तिथूनच घेतले. दुकानदाराला घाई, ड्रायव्हरला त्याहून जास्त. माझ्या जाऊबाईंना मापाचा जोड मिळेना, तेव्हा एक नंबर लहान असलेला पुढे सरकवला गेला. आतलं कापड आधीच्या गिऱ्हाइकाच्या घामानं ओलसरच होतं. त्यात दोन-दोन सुती मोजे आणि बोटांत चांदीची जोडवी.

चालत होतो तोवर कुणाची काही तक्रार नव्हती. मग स्नोमोबाइलवर, म्हणजे तिकडच्या भाषेत स्नो बाइकवर, चालकाच्या मागे बसलो. जाऊबाई आधी म्हणाल्या, “बोटं लई दुखायलीत.” थोड्या वेळानं म्हणाल्या, “आता नाही दुखत.” घाबरायचं असतं ते या दुसऱ्या वाक्याला. उतरून बूट काढला तर दोन बोटं मेणासारखी पांढरी आणि जोडवी कातडीत रुतलेली.

हॉटेलातल्या मुलानं मायेनं निखाऱ्यांची कांगडी आणून दिली, पण बधिर पायाला चटका बसला तरी कळत नाही, म्हणून ती लांबच ठेवली. चोळणंही टाळलं. बर्फानं चोळावं असं सांगणारे भेटतात, त्यांचं मुळीच ऐकू नये. ३७ ते ३९ अंशांचं कोमट पाणी हाच उपाय. पाण्याचा अंदाज घ्यायचा तो निरोगी माणसाच्या कोपरानं, गारठलेल्या पायानं नाही. रंग परतला, कळा मात्र रात्रभर होत्या. रंग परतत नसेल किंवा फोड आले तर थेट दवाखाना गाठायचा.

असं का झालं? चालताना पायाचे स्नायू हलतात, रक्त फिरतं. स्नोमोबाइलवर पाय पायरीवर नुसते टेकलेले असतात आणि वारा समोरून येतो. हवा उणे ५ अंश असेल आणि गाडी ताशी ३० किलोमीटरनं जात असेल, तर उघड्या कातडीला ती उणे १३ सारखी लागते. बूट स्वतः ऊब तयार करत नाही. ऊब रक्त आणतं आणि बुटातली कोरडी हवा ती धरून ठेवते. घट्ट बुटात रक्तही अडतं आणि हवेलाही जागा उरत नाही. दोन मोज्यांनी पाय गरम राहतो हा समज म्हणूनच उलटा पडतो. जाड लोकरीचा एकच मोजा घाला आणि एक कोरडा जोड खिशात ठेवा. सुती मोजा घाम पितो आणि ओलाच राहतो. मोज्यावर प्लास्टिकची पिशवी चढवायची युक्ती अर्ध्या तासापुरती ठीक. बाहेरचं पाणी थांबतं, आतला घाम मात्र कुठे जाणार?

भाड्यानंच घ्यायचा असेल तर आधी आत हात घालून पाहा. ओलसर लागला तर परत करा, मागचे कितीही हॉर्न वाजवोत. मोजा घालून उभं राहा. बुटात बोटं मोकळी हलली पाहिजेत. विकत घेणार असाल तर संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो. आत नमद्याचं, म्हणजे दाबलेल्या लोकरीचं, अस्तर असावं आणि ते काढून वाळवता यावं, यासाठी दोन पैसे जास्त गेले तरी चालतील. बूट पोटरीपर्यंत उंच हवा आणि पँट त्याच्या बाहेरून यायला हवी, नाहीतर उडालेला बर्फ वरून आत शिरतो. तळ खोल खाचांचा, मऊ रबराचा पाहा. स्वस्त प्लास्टिकचा तळ थंडीत कडक होऊन घसरतो. नाड्या आत खोचा, कारण स्नोमोबाइलखाली पट्टा फिरत असतो. बुटाच्या चिठ्ठीवर उणे ३० अंश लिहिलेलं असतं, पण प्रत्येक कंपनीची मोजण्याची रीत वेगळी. बसून जाणाऱ्यानं त्यातले दहा-पंधरा अंश मनातच वजा करावेत.

जोडव्यांचं आमच्या घरात अजून पटलेलं नाही. सासूबाईंना ती काढणं अशुभ वाटतं. मी मात्र सांगते, बूट घालण्याआधी जोडवी काढून रुमालात बांधा आणि पर्समध्ये ठेवा. धातू गार पडतो आणि बोट सुजलं की तोच फास होतो. ज्यांना मधुमेह आहे आणि तळपायाची संवेदना कमी झाली आहे, त्यांनी तर “दुखत नाही” यावर भरवसाच ठेवू नये. दर थांब्याला बूट काढून बोटं डोळ्यांनी पाहावीत. मी त्यांना स्नोमोबाइलवर बसूच नका म्हणेन. गोंडोल्यातून, म्हणजे तिथल्या रोपवेतूनही अफरवट डोंगराचा बर्फ दिसतो.

रात्री ओला बूट बुखारीला, म्हणजे तिकडच्या शेगडीला, टेकवू नका, तळाचा डिंक सुटतो. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि तासाभरानं बदला. आणि विकत घेतलेला जोड हिंगोलीला आल्यावर ट्रंकेत वर्षानुवर्षं कोंबून ठेवू नका. काही बुटांच्या तळांचा न वापरताही दमटपणानं भुगा होतो. पुढच्या हिवाळ्यात कुणी निघालं असेल तर माप जुळवून त्यांना देऊन टाका.