आधी भिंतीला बांधा

धाराशिवच्या आमच्या घरात चार खणांचं एक लाकडी कपाट आहे. त्याच्या पाठीला वरच्या बाजूला दोन लोखंडी एल पट्ट्या आहेत, भिंतीत घट्ट बसवलेल्या. कपाट आणलं त्याच दिवशी त्या लावायला हव्या होत्या. मी अपघात झाल्यावर लावल्या, म्हणून हे लिहिते आहे.

कपाट सोलापूरहून तयार आणलेलं. रबरवुडचं, कमरेच्या वर येणारं, मागे पातळ हार्डबोर्ड. पहिल्याच पावसाळ्यात खण अडकायला लागले. आपल्याकडे चैत्र-वैशाखात लाकूड आकसतं आणि श्रावणात तेच फुगतं. खणाखालच्या लाकडी पट्टीवर मेणबत्ती घासली असती तरी माझं काम भागलं असतं. (अशा वेळी रंधा मात्र मारू नका. पावसाळ्यात तासलेला खण एप्रिलमध्ये खुळखुळतो.) पण मला ते कपाटच नवं करून घ्यायचं होतं. जुनं पॉलिश काचकागदानं घासून काढलं, प्रायमर दिला, रंगाचे दोन हात दिले, पितळी मुठी बसवल्या. सुतारमामांकडून प्रत्येक खण रुंदीला एक इंच कमी करून त्याला सरकते टेलिस्कोपिक चॅनल लावून घेतले, कारण त्या चॅनलला दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच जागा लागते. खण आता बोटानं ओढला तरी शेवटपर्यंत बाहेर यायचा. येणारीजाणारी कौतुक करायची आणि मलाही त्याचा अभिमान होता.

त्या चॅनलनं कपाटाचा तोलच बदलला होता, हे माझ्या ध्यानात आलं नाही. जुन्या पट्ट्यांवर खण अर्ध्याच्या पुढे आला की तोंड खाली टाकायचा आणि अडायचा. ते अडणं मला दोष वाटलं, प्रत्यक्षात तीच कपाटाची राखण होती.

मार्गशीर्षातल्या थंडीत सगळ्यात खालच्या खणातल्या वाकळा बाहेर काढल्या आणि तो खण रिकामा झाला. वरचे खण साड्यांनी भरलेले. त्या सकाळी मी स्वयंपाकघरात होते. साडेतीन वर्षांच्या लेकीनं खालचा खण ओढला, मग त्याच्या वरचा, आणि जिन्यावर चढावं तशी वर चढली. कपाट पुढे आलं. समोर दिवाण होता, त्याच्या कडेवर ते अडलं आणि लेक खालच्या पोकळीत सापडली. हनुवटीला तीन टाके पडले. दिवाण त्या जागी नसता तर काय झालं असतं, ते मला अजून लिहवत नाही.

सासरे लोहारा तालुक्यातले. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेचा भूकंप त्यांनी अंगावर घेतला आहे. किल्लारी लातूर जिल्ह्यात, पण आमच्या लोहारा-उमरग्यातलीही गावंच्या गावं त्या पहाटे बसली. दगडमातीच्या भिंती आणि त्यांच्यावर माळवदाच्या मातीचा थरावर थर. माणसं त्याखाली गाडली गेली. पडलेलं कपाट उभं करताना मामंजी एवढंच म्हणाले, "वरी ओझं अन् खाली काहीच धरून नाही. आपलं माळवद असंच बसलं की."

नंतर मी भुसार दुकानातल्या काट्यावर सगळं तोलून आणलं. सांगाडा 20 किलो, भरलेला खण सुमारे 5 किलो, लेक 14 किलो. कपाटाची खोली 45 सेंटिमीटर, म्हणजे बंद कपाटाचं वजन पुढच्या पायांच्या साधारण 22 सेंटिमीटर मागे पडतं. उघड्या खणाचं वजन तेवढंच पुढे जातं आणि खणाच्या तोंडाशी उभं राहिलेलं मूल जवळजवळ 40 सेंटिमीटर पुढे. वजनाला अंतरानं गुणून पाहा. एकच खण उघडा असेल आणि त्यावर लेक उभी असेल, तर मागची बाजू 770 आणि पुढची 670, म्हणजे कपाट कसंबसं उभं राहतं. दुसरा खण उघडला की मागे 660 उरतात आणि पुढे 780 होतात. आमच्या घरी दुसरा खण उघडला गेला होता.

हे फक्त आमच्याच घरी घडलेलं नाही. अमेरिकेत मुलांवर अशी कपाटं पडून मृत्यू झाले, म्हणून आयकिया कंपनीनं 2016 मध्ये तिथली खणांची सुमारे 2 कोटी 90 लाख कपाटं परत मागवली. डिसेंबर 2022 मध्ये तिथे कपाटांच्या तोलासाठी कायदाही झाला.

आता काय करायचं ते सांगते. रंग, मुठी, चॅनल सगळं हौसेनं करा, पण पट्ट्या त्याच्या आधी. पट्टीचा स्क्रू मागच्या हार्डबोर्डात मारू नका, तो हातानं उपटून येतो. वरच्या जाड लाकडी आडव्या पट्टीतच मारा. भिंत विटांची असेल तर स्क्रू धरणारी गिट्टी गिलाव्याच्या पार विटेत गेली पाहिजे; दोन विटांच्या सांध्यात ती धरत नाही. सिपोरेक्सच्या भिंतीला त्यासाठीचीच वेगळी गिट्टी मागा. गावाकडच्या दगडमातीच्या भिंतीत गिट्टी ठरतच नाही. तिथे कपाट खांबाशेजारी ठेवा आणि स्क्रू खांबाच्या लाकडात घ्या.

आपल्या शहाबादी फरशीला पाणी जावं म्हणून दाराकडे उतार असतो. कपाटाचं तोंड उताराकडे असेल तर पुढच्या पायांखाली पाचर द्या, म्हणजे ते भिंतीकडे किंचित रेलेल. पायांना चाकं लावू नका. आरसा कपाटावर न ठेवता भिंतीवर टांगा. वाकळा काढल्या तरी खालचा खण रिकामा ठेवू नका; जड वस्तूंची जागा तीच. कपाटावर खाऊचा डबा किंवा खेळणं ठेवू नका, मूल त्याच्यासाठीच वर चढतं.

आमच्या दोन पट्ट्या, चार गिट्ट्या आणि स्क्रू मिळून खर्च शंभर रुपयांच्या आत झाला आणि काम अर्ध्या तासात उरकलं. तुमच्या घरात लहान मूल असेल आणि खणांचं कपाट भिंतीला बांधलेलं नसेल, तर ते बांधून होईपर्यंत मुलाला त्या खोलीत एकटं सोडू नका.