मळ्यातील नातलगाचे घर आणि कर

वृद्ध माता-पिता अथवा विधवा बहीण यांच्यासाठी मळ्यात स्वतंत्र घर बांधण्याचा प्रसंग पुष्कळ शेतकरी कुटुंबांत येतो. अशा घराचा उपयोग कोण व कशासाठी करतो, यावर त्याची करआकारणी बहुतांशी अवलंबून असते. म्हणून पायाभरणीपूर्वी पुढील बाबी ध्यानात घ्याव्यात.

१. जमीन महसूल : महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ अन्वये शेतजमीनधारकाच्या कुटुंबातील व्यक्ती, नोकर अथवा कुळे यांच्या निवासासाठी त्या शेतीच्या संबंधात बांधलेली इमारत ही ‘शेतावरील इमारत’ होय. शहरांच्या व नगरपालिकांच्या परिसरातील विहित क्षेत्रांत तिला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, व त्यासाठी किमान ०.४ हेक्टर, म्हणजे सुमारे एक एकर, धारणा असावी लागते. निराळी चूल मांडलेला नातलग ‘कुटुंबात’ मोडतो किंवा नाही, हे तहसील कार्यालयातून आधी लेखी विचारून घ्यावे.

२. घरपट्टी : जमिनीचा शेतसारा भरला म्हणून घरपट्टी टळत नाही. शेतसाऱ्याच्या जमिनीवरील इमारतीवरही कर बसविण्याचा अधिकार ग्रामपंचायतीस १९५८ च्या अधिनियमाने दिला आहे. घराची नोंद नमुना ८ मध्ये करून घ्यावी.

३. आयकर : शेतीच्या कामी आवश्यक अशा शेतावरील घराचे उत्पन्न काही अटींवर शेती-उत्पन्न मानले जाते. तेच घर परक्यास राहण्यासाठी भाड्याने दिल्यास ते भाडे करपात्र ठरते.

४. मालकी : येथेच सर्वांत मोठा धोका आहे. नमुना ८ हा कराचा कागद आहे, मालकीचा नव्हे. भावाच्या सातबारावरील जमिनीत राहणाऱ्या बहिणीचा आसरा भावाच्या पश्चात त्याच्या वारसांच्या मर्जीवर राहतो. तिने घरपट्टी वर्षानुवर्षे भरली असली तरी केवळ त्यामुळे हक्क सिद्ध होत नाही. घर तिला कायमचे द्यावयाचे असल्यास बक्षीसपत्र नोंदणीकृतच असावे लागते. पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नातवंडे व मृत मुलाची पत्नी यांना निवासी अथवा शेतीची मिळकत बक्षीस दिल्यास मुद्रांक शुल्क २०० रुपये अशी सवलत २०१५ मध्ये देण्यात आली. भाऊ-बहिणींचा त्या यादीत समावेश नाही. त्यांच्यासाठीचा खर्च दुय्यम निबंधकांकडून आधी समजून घ्यावा.

सारांश, मंजुरीचा कागद, नमुना ८ चा उतारा, घरपट्टीच्या पावत्या व बक्षीसपत्र एकत्र जपून ठेवावेत. नियम वेळोवेळी बदलत असल्याने बांधकामापूर्वी तलाठ्यांकडे व ग्रामपंचायतीत चौकशी करावी.