रोशा की वाळा? येडशीच्या माळावर सुवासाचा धंदा करू पाहणाऱ्यांसाठी

अत्तराचा व्यापार आपल्या लोकांना नवा नाही. मुंबईच्या मोहम्मद अली रोडपासून तालुक्याच्या बाजारापर्यंत, ईदच्या आधी कुप्या घेऊन बसणारा अत्तरवाला सगळीकडे दिसतो. पण कुपीतला माल येतो कोठून, तो आपल्या जमिनीत पिकू शकतो काय, याचा विचार आपण क्वचितच करतो. धाराशिव जिल्ह्यातील येडशी हे गाव डोळ्यांसमोर ठेवून हा लेख लिहीत आहोत. बालाघाटाच्या रांगेतले हे गाव. सोलापूर-छत्रपती संभाजीनगर रस्ता आणि बार्शी-लातूर रस्ता येथेच मिळतात. त्यामुळे माल पाठवण्याची अडचण नाही. अडचण आहे ती पाण्याची. पाऊस सातशे मिलिमीटरच्या आसपास, तोही बेभरवशाचा. २०१२-१३ आणि २०१५-१६ चे दुष्काळ कोणी विसरलेले नाही.

अशा ठिकाणी दोन सुवासिक गवतांची नावे वारंवार घेतली जातात. एक रोशा, ज्याला हल्ली पामरोजा म्हणतात, आणि दुसरे वाळा, म्हणजेच खस. दोन्ही गवतेच, दोन्ही बहुवर्षायू, दोन्ही कमी पाण्यावर तग धरणारी. म्हणून पुष्कळ जण दोन्हींचा हिशेब एकच समजतात. येथेच चूक होते.

रोशा : वरच्या भागाचे पीक

रोशाचे तेल जमिनीवरच्या भागात असते. सर्वात जास्त फुलोऱ्यात, त्याखालोखाल पानात, काडीत अगदी थोडे. या तेलात जिरॅनिऑल नावाचा घटक साधारण ७५ ते ९० टक्के असतो आणि त्यामुळे त्याला गुलाबाच्या जवळचा वास येतो. याच गुणामुळे एके काळी हे तेल मुंबई बंदरातून तांबड्या समुद्राच्या वाटेने तुर्कस्तानात जाई आणि तेथे गुलाबाच्या अत्तरात मिसळले जाई. त्या काळी या तेलासाठी खानदेशाचे नाव होते. आज ते साबण, अगरबत्ती, अत्तर आणि सुवासिक तंबाखू यांसाठी लागते.

रोशाच्या दोन जाती आहेत, मोतिया आणि सोफिया. धंद्याची जात मोतिया. ती कोरड्या, निचऱ्याच्या उतारावर सुटी सुटी ठोंबे करून वाढते आणि तिची पाने काडीपासून बाहेर फाकलेली असतात. सोफिया ओलसर सखल जागी दाट वाढते, तिची पाने काडीला जवळ असतात. सोफियाचे तेल हलके समजले जाते. दोन्हींचे बी मिसळले तर तेलाची प्रत घसरते, म्हणून बी खात्रीच्या ठिकाणचेच घ्यावे. लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने, म्हणजे सीमॅपने, पीआरसी-१, तृष्णा, वैष्णवी यांसारखे वाण दिले आहेत.

लागवड अशी : मे महिन्यात गादीवाफ्यावर बी टाकावे. बी फार बारीक असते, ते वाळूत मिसळून पेरावे. हेक्टरी सुमारे अडीच किलो पुरते. सहा आठवड्यांची रोपे पाऊस लागताच ६० बाय ३० किंवा ६० बाय ४५ सेंटिमीटरवर लावावीत. पहिले दोन महिने तण काढणे हीच खरी मेहनत. साधारण चार महिन्यांत फुलोरा येतो. पूर्ण फुलल्यावर जमिनीपासून १० ते १५ सेंटिमीटर ठेवून कापावे. कोरडवाहूत वर्षाला एक ते दोन कापण्या, पाणी असल्यास तीन-चार. एकदा लावलेले पीक चार-पाच वर्षे चालते. पाणी साचू देऊ नये. हा रोशाचा मोठा शत्रू आहे.

वाळा : जमिनीखालचे पीक

वाळ्याचा सुवास मुळात असतो. त्याची लागण बियाने नव्हे, जुन्या ठोंबाचे फुटवे काढून पावसाळ्याच्या तोंडाशी करतात. जागा मिळाली की तो फार काळजी मागत नाही. थोडा वेळ पाणी साचले तरी सहन करतो. पण मुळे तयार होण्यास १५ ते १८ महिने लागतात. लवकर तयार होणारे वाण वर्षभरात येतात. खोदणी डिसेंबर ते फेब्रुवारी या कोरड्या दिवसांत होते आणि तेथेच मजुरीचा मोठा खर्च येतो.

जमिनीची निवड येथे फार महत्त्वाची. भुसभुशीत, वाळूमिश्रित, खोल जमीन असेल तर मूळ लांब जाते आणि अखंड निघते. काळ्या चिकण जमिनीत ते तुटते. आणि हात-दीड हातावर मुरूम लागत असेल तर ते खाली जातच नाही. येडशीच्या माळावर पुष्कळ ठिकाणी मुरूमच लागतो, हे विसरू नये. ओढ्याकाठची गाळाची पट्टी मात्र वाळ्याला उत्तम. शिवाय बांधावर लावलेला वाळा माती धरून ठेवतो. हा फायदा वेगळाच. मात्र मातीसाठी लावलेला वाळा खोदायचा नाही, एवढे लक्षात ठेवावे.

भट्टीचा हिशेब

आता मुख्य मुद्दा. ताज्या रोशात सुमारे अर्धा टक्का तेल धरले तर ५०० किलो गवतातून अडीच किलो तेल मिळते आणि भट्टी सुमारे तीन तास चालते. वाळ्याच्या सुक्या मुळात सुमारे एक टक्का तेल असते. १०० किलो मुळातून एक किलो तेल मिळते, पण त्यासाठी भट्टी १४ ते १८ तास, कधी त्याहून अधिक चालवावी लागते. वाळ्याचे तेल जड असल्याने पाण्यापासून सावकाश सुटते. त्याचा भाव रोशाच्या कित्येक पट असतो हे खरे. पण तो भाव पाहून हुरळणाऱ्याने आधी पाच-सहा पट जळण मोजावे.

नुसते जळणच नव्हे. वाफ थंड करण्यास पाणी लागते. रोशा पावसाळा सरताना फुलतो, तेव्हा येडशीच्या विहिरींत पाणी असते. वाळा निघतो हिवाळ्यात, आणि भट्टीची रांग लांबली तर उन्हाळ्याच्या तोंडाशी, जेव्हा गावात पिण्याच्या पाण्याची चिंता सुरू झालेली असते. शिवाय रोशाचा भट्टीतून निघालेला चोथा वाळवून त्याच भट्टीला जाळता येतो.

कन्नौजचे अत्तरवाले तांब्याच्या देगीत खस उकळून, भपक्यात त्याची रूह उतरवतात. तिचा हिरवा रंग तांब्यामुळे येतो. तो पिढ्यांचा हुन्नर आहे. जगाच्या बाजारात हैती आणि जावाचे तेलही आहे. नवशिक्याने पहिल्याच वर्षी या दोघांशी स्पर्धा करू नये.

मग वाळा सोडावा काय?

मुळीच नाही. वाळा भट्टीवाचूनही विकतो, ही त्याची खरी ताकद. माठात टाकायच्या जुड्या, हातपंखे, दारा-खिडक्यांचे पडदे, कूलरच्या जाळ्या, सरबतासाठी स्वच्छ मूळ. या सर्वांना गिऱ्हाईक मार्च ते मे या काळात असते आणि मूळ त्याआधीच हाती आलेले असते. बांबूकाम, विणकाम, शिवणकाम जाणणाऱ्या घरात हा माल घरबसल्या होतो, स्त्रियांनाही काम मिळते. धुऊन सावलीत वाळवलेले, माती नसलेले लांब मूळ वेगळे ठेवावे आणि तुटका चुरा तेलवाल्याला द्यावा.

थोडक्यात, रोशा हे भट्टीचे पीक आहे आणि वाळा हे हाताचे. ज्याच्याकडे माळाची जमीन आहे त्याने रोशा लावावा, पण एकट्याने भट्टी घालू नये. आठ-दहा जणांनी मिळून घालावी आणि एकेकाची कापणी पाळीने ठेवावी. ज्याच्याकडे ओढ्याकाठी दहा-पंधरा गुंठे आणि घरात हुन्नर आहे, त्याने वाळा लावावा.

चार सावधगिरीच्या गोष्टी

१) येडशी-रामलिंग घाट अभयारण्य १९९७ साली जाहीर झाले आहे. तेथून गवत किंवा मुळे आणणे हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा ठरतो. माल आपल्याच शेतातला असावा.

२) महाग रोपे विकून 'सर्व तेल आम्हीच घेऊ' म्हणणाऱ्याच्या तोंडी शब्दावर जाऊ नये. करार लेखी घ्यावा आणि त्याआधी दोन खरेदीदारांचा भाव स्वतः विचारावा. सल्ला तुळजापूरच्या कृषी विज्ञान केंद्रात मिळतो.

३) तेल पाण्यापासून पूर्ण वेगळे करून, गाळून, ॲल्युमिनियमच्या किंवा गडद काचेच्या भांड्यात काठोकाठ भरावे. प्लॅस्टिक टाळावे.

४) भेसळ करू नये आणि भेसळीचे घेऊ नये. शुद्ध रोशाचे तेल ७० टक्के अल्कोहोलच्या तीन भागांत स्वच्छ विरघळते. खोबरेल किंवा रॉकेल मिसळले असेल तर ते गढूळ होते. कागदावरचा थेंब उडून गेल्यावर तेलकट डाग उरला तरी संशय घ्यावा. मोठ्या सौद्यात मात्र गॅस क्रोमॅटोग्राफीचा अहवाल मागावा.

यंदा ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी एकरभर नव्हे, पाच गुंठ्यांवर करावी. एक पावसाळा आणि एक उन्हाळा पाहावा. जमीन, विहीर आणि आपले हात यांनी साथ दिली की मगच क्षेत्र वाढवावे.